घरची झाडं सोडून

बोरगावच्या केशवरावांचा एक नेम होता आणि त्या नेमानं देवकाबाईंचा जीव जन्मभर मेटाकुटीला आणला होता. बगिच्यातला संत्रा एकदा व्यापाऱ्याला विकला, की केशवराव स्वतःच्याच बगिच्यात पाहुणे होत. वावर आपलं, झाडं आपली, विहीर आपली. पण झाडावरचा माल दुसऱ्याचा झाला ना? मग कुंपणापाशी उभं राहायचं, टोपी सारखी करायची आणि हाक मारायची, "दादाराव, येऊ का?" दादाराव म्हणजे सौंसरचा व्यापारी, वर्षानुवर्षं तोच यांचा बहार घ्यायचा. तो बिचारा शिडीवर असो की डबा उघडून बसलेला असो, त्यानं "या न जी" म्हटल्याशिवाय केशवरावांचं पाऊल आत पडत नसे.

मुलगा वीरेंद्र लहान असताना त्यानं विकलेल्या झाडाचा एक संत्रा तोडला. केशवरावांनी कान धरून त्याला दादारावपुढं उभं केलं. दादाराव हसला, "लेकरू आहे" म्हणून त्यानं पोराच्या खिशात आणखी दोन संत्रे कोंबले. केशवरावांनी तेही परत केले. पोरगं रडलं, दादाराव ओशाळला, आणि आपण फार मोठी कामगिरी केली अशा थाटात केशवराव घरी येऊन जेवायला बसले. आता बोला!

एक सवलत मात्र ते स्वतःला देत. सौद्याला बसलं, की भाव काढायच्या आधी ते म्हणत, "घरची झाडं सोडून." विहिरीजवळची पाच झाडं ती घरची. मध्य प्रदेशातल्या त्या संत्र्याच्या पट्ट्यात प्रत्येक बगिचावाला अशी चार-दोन झाडं सौद्यातून बाहेर काढतोच. त्यावर कोणी घासाघीस करत नाही. त्या पाच झाडांच्या टोपल्या भरायच्या देवकाबाईंनी आणि त्या कुठं जायच्या ते ठरवायचं केशवरावांनी. एक जामसांवलीच्या मारुतीला, एक पांढुर्ण्याला लेकीकडे, एक काटोलच्या बहिणीकडे, एक मास्तरांना, एक कुठल्याशा साहेबाला. सगळ्या रवाना झाल्या की तळाशी डागी, दबलेली फळं उरत. त्यांचा रस काढून देवकाबाई घरच्यांना देत आणि स्वतः पातेलं विसळून पीत. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललं होतं, आणि बाई, तुला यातलं काय पाहिजे, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

यंदा बहार विकून झाला आणि केशवरावांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. त्याला निमित्त झाले शेजारचे भगवंतराव. भगवंतराव काहीच लिहून न ठेवता गेले, आणि तेरवीचं जेवण पचायच्या आत त्यांच्या दोन्ही पोरांनी एकमेकांवर केस ठोकली. वाटणी अशी झाली, की कूलर धाकट्याकडे गेला आणि कूलरचा स्टँड थोरल्याकडे. दोघंही उन्हाळाभर घामानं निथळले, पण कोणी मागं हटलं नाही.

"आपल्या घरी असा तमाशा नाही पाह्यजे," केशवरावांनी जाहीर केलं. डिंपलला, म्हणजे लेकीला, त्यांनी पांढुर्ण्यात प्लॉट घेऊन दिलेलाच होता. राहिलं वावर आणि राहतं घर. ते सगळं जिवंतपणीच वीरेंद्रच्या नावानं करून मोकळं व्हायचं. वीरेंद्र बगिचा पाहायचा, त्याची बायको उर्वशी गावच्या शाळेत शिकवायची. दोघंही माणसं चांगली होती, हे देवकाबाईंनाही मान्य होतं. तरी त्यांना हे काही पटेना.

सौंसरच्या वकीलबाई, भाग्यश्री, वयानं लहान पण डोक्यानं तल्लख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं. "काका, जमीन तुमच्या कमाईची आहे, कोणालाही द्या. पण माझं ऐकाल तर वसीयत करा. म्हणजे तुमच्या माघारी मुलाला मिळेल, आणि तोवर मन बदललं तर कागदही बदलता येतो."

"बदलता येते?" केशवराव ताठ झाले. "म्हंजे जबान देऊन फिरायचं? बाई, मी आजवर एक सौदा फिरवला नाही."

"बरं, मग दानपत्र करा. पण त्यात अट घाला, की मुलानं दोघांनाही शेवटपर्यंत सांभाळायचं आणि राहतं घर तुमच्याकडेच राहील. म्हाताऱ्या माणसांसाठी कायदा आहे. असं लिहिलेलं असलं आणि पुढं मुलानं नाही सांभाळलं, तर एसडीएमकडे अर्ज करून दिलेलं परत घेता येतं. लिहिलेलं नसलं, तर मग मुश्कील होते."

हे ऐकून तर केशवरावांचे कानच तापले. पोटच्या पोराला अट घालायची? आणि तीही कागदावर? "माल दिला का दिला," ते म्हणाले. "देतानी दोरी बांधून देत नसते कोणी."

वकीलबाईंनी मग बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे मांडीवर पिशवी घेऊन देवकाबाई बसल्या होत्या. "काकू, तुमचं काय म्हणणं आहे?"

देवकाबाईंनी तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडायच्या आत केशवराव बोलले, "तिचं काय राह्यते? जे माह्यं तेच तिचं."

देवकाबाईंनी तोंड मिटलं. आतून मात्र त्या अशा उकळल्या, की घरी पोहोचेपर्यंत त्यांनी बसमध्ये नवऱ्याकडे पाहिलं नाही. जे याचं ते माझं, आणि याचं तर आता काहीच राहणार नाही, मग माझं काय राहणार? एवढा साधा हिशेब या माणसाला कळू नये! उद्या हा पुढं गेला, आणि मी मागं राहिले, तर मी कोणाच्या घरात राहीन? वीरू चांगला आहे, सून चांगली आहे, सगळं खरं. पण चांगल्या माणसाच्या घरातही आपण पाहुणे ते पाहुणेच.

दानपत्र बिनअटीचंच ठरलं आणि रजिस्ट्रीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. पण केशवरावांना तारखेशी काय करायचं होतं! त्यांच्या लेखी सौदा जबानीवर होतो, कागद मागून येतो. त्या संध्याकाळी त्यांनी वीरेंद्रला पाटावर बसवलं, त्याच्या हातात नारळ आणि पान दिलं आणि म्हणाले, "घर, वावर, सगळं तुले दिलं. आता तू मालक."

वीरेंद्रनं पाया पडून नारळ घेतला. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक असतं, तर तो नारळ त्यानं तिथंच खाली ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशी शाळेच्या गडबडीत होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "उर्वशी, येऊ का?"

तिनं दार उघडून पाहिलं, तर ओट्यावर टोपी हातात घेऊन सासरे उभे. "मामाजी? बाहेर कायले उभे आहात? या ना!"

केशवराव आत आले. भिंतीला टेकून, अंग चोरून बसले. चहा आला तर "कायले त्रास घेतला" म्हणाले. पंख्याखाली घाम पुसत बसले, पण बटण दाबलं नाही. वीज आता वीरूची. थोड्या वेळानं टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा सुनेपुढं उभे राहिले. "अंघोळ करू का?"

उर्वशीच्या हातातला डबा खाली पडायचा राहिला.

देवकाबाईंना वाटलं, एक दिवसाचं खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय! दुपारपर्यंत त्यांनी आपली खाट ओट्यावर काढली. जेवताना एक पोळी झाली की ताटावर हात आडवा. "बस, बस. पोट भरलं." तीनदा आग्रह केला की मग दुसरी घ्यायची, आणि तीही "तुम्ही ऐकत नाही म्हणून." वीरेंद्र घरात आला की हे उठून उभे. बापच आपल्याला उठून मान देतोय हे पाहून वीरेंद्र बिचारा मागच्या दारानं येऊ-जाऊ लागला.

"बाबा, हे काय चालवलं तुम्ही?" तो कळवळून म्हणाला.

"विकलेल्या बगिच्यात मालकानं पायरीनं राहावं. तुले लहानपणीच शिकवलं होतं."

"अवो, विकलं कुठी? दिलं ना तुम्ही!"

"मंग तर जास्तच पायरीनं राह्यलं पाह्यजे."

या माणसापुढं काय बोलणार! पण देवकाबाईंना खरा चटका बसला तो तिसऱ्या प्रहरी. त्या चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. साखरेचा डबा त्यांचाच. त्यांनी माहेरहून आणलेला, पितळेचा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला. त्यांनी झाकण उघडलं, आणि मागून केशवरावांचा दबका आवाज आला, "वीरूची माय, विचारलं का?"

"कोणाले?"

"मालकिणीले. उर्वशीले."

देवकाबाईंचा हात डब्यातच थांबला. या चुलीपुढं त्या नवरी म्हणून आल्या होत्या. इथंच त्यांनी सासूची बोलणी खाल्ली, पोरांचे ताप काढले, पंगती उठवल्या. आणि आज चमचाभर साखरेसाठी विचारायचं? त्यांना इतकं वाईट वाटलं, की चहा तसाच टाकून त्या मागच्या अंगणात जाऊन बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. नवरा येडा आहे हे त्यांना माहीत होतं. पण येड्यानं बोललेलं खोटं नव्हतं, हे त्यांना जास्त लागलं.

इकडे शेजारच्या छायानं आपलं काम चोख बजावलं. छाया म्हणजे गल्लीचं आकाशवाणी केंद्र. तिनं केशवरावांना ओट्यावरून "पाणी भेटन का?" असं विचारताना ऐकलं, आणि बातमी निघाली: सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं, पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. संध्याकाळी ती मुद्दाम देवकाबाईंकडे आली.

"देवकाबाई, तुह्या नावानं काय ठेवलं वं त्याहीनं?"

"काही नाही."

"अई! काहीच नाही?" छायानं हनुवटीला हात लावला. यात तिला दुःख झालं होतं की आनंद, ते कळायला मार्ग नव्हता. प्रश्न मात्र तिनं बरोबर विचारला होता.

बातमी बाजाराच्या दिवशी सौंसरला पोहोचली. वीरेंद्र चहा प्यायला उभा होता, तर एक अनोळखी म्हातारा त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाला, "आईबापाले छळशील तर एसडीएमसाहेब वावर काढून घेते, समजलं का?" बिचाऱ्याच्या नावावर अजून मातीचं ढेकूळसुद्धा झालं नव्हतं! पांढुर्ण्याहून डिंपलचा फोन आला. ती आधी भावावर ओरडली, मग वहिनीवर, मग रडली आणि रडता रडता म्हणाली, "बाबाले फोन दे." केशवरावांनी फोन घ्यायच्या आधी वीरेंद्रला विचारलं, "घेऊ का?" शाळेत हेडमास्तरांनी उर्वशीला ज्येष्ठांचा आदर या विषयावर मुलांपुढं बोलायला सांगितलं, ते सहज की मुद्दाम, हा विचार करकरून तिचं डोकं दुखलं.

त्या संध्याकाळी ती सासूच्या गळ्यात पडली. "आई, मले काहीच नाही पाह्यजे. ना घर, ना वावर. तुम्ही मामाजीले सांगा ना."

"बाबा, मी नारळ परत करतो," वीरेंद्रही म्हणाला.

"नारळ फोडून चटणी झाली त्याची," केशवराव म्हणाले. "आणि झालेला सौदा मोडत नसते."

देवकाबाई सुनेच्या पाठीवर हात फिरवत होत्या. चटणी त्यांनीच वाटली होती. तेवढ्यात बगिच्यातून दादारावचा ट्रॅक्टर गेला, आणि त्यांच्या मनात काहीतरी लख्ख झालं. त्यांनी सुनेचे डोळे पुसले आणि भाजी चिरायला बसल्या.

रजिस्ट्रीचा दिवस उजाडला. केशवराव स्वच्छ धोतर नेसून तयार झाले. गाडी लागली. उर्वशी, वीरेंद्र गाडीत बसले. देवकाबाई कुठं दिसेनात. शोधाशोध झाली. शेवटी वीरेंद्रनं बोट दाखवलं. देवकाबाई बगिच्यात, विहिरीजवळ, घरच्या झाडाखाली मांडी घालून बसल्या होत्या.

केशवराव तडक निघाले, मागून वीरेंद्र आणि उर्वशी. पण कुंपणापाशी आपसूक थांबले. "दादाराव, येऊ का?"

"या न जी," शिडीवरून आवाज आला. दादारावचा तोडा, म्हणजे फळं उतरवणं, चालू होतं.

"वीरूची माय, उठ. वेळ होऊन राहिला."

देवकाबाई हलल्या नाहीत. "हे झाड कोणाचं?"

"म्हंजे? आपलं. घरचं."

"कोण म्हणते?"

"अवं, दादारावले विचार!"

"दादारावभाऊजी," देवकाबाईंनी आवाज चढवला, "ही पाच झाडं तुम्ही कायले नाही घेतली?"

दादाराव शिडीवरून उतरला. "वयनी, ते तर केशवराव भाव सांगायच्या पयलेच सोडते. घरची झाडं सोडून. नाही सोडली तर तो सौदा कायचा?"

"हां," देवकाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "मंग घर देतानी काय सोडलं?"

केशवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मारुतीसाठी सोडता, बहिणीसाठी सोडता, साहेबासाठी सोडता," देवकाबाईंनी बोटांवर मोजलं. "आणि सगळा बगिचा, सगळं घर देऊन टाकलं, तर माह्यासाठी एक फांदी नाही सोडली? तुम्ही गेल्यावर मी कोणाले विचारू, येऊ का म्हणून?"

झाडावर तोडणारी माणसं होती, तीही फांद्यांतून वाकून पाहू लागली. दादाराव आधी देवकाबाईंकडे, मग केशवरावांकडे पाहत राहिला. त्याला खरोखर धक्का बसला होता. "केशवराव, काहीच नाही सोडलं? सगळा माल, घरच्या झाडासकट? असा सौदा तर काल धंद्यात आलेलं पोरगं नाही करत हो!"

आता पाहा गंमत. बायको रडली, सून रडली, लेक फोनवर रडली, वकीलबाईंनी कायदा सांगितला, केशवराव ढिम्म. पण आपण कच्चा सौदा केला, हे व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. ते मटकन विहिरीच्या कठड्यावर बसले. तिथूनच म्हणाले, "चुकलंच माह्यं, दादाराव. पण आता जबान गेली."

"घेणाऱ्याची मर्जी असली तर मागून झाडं सोडता येते," दादारावनं न्याय केला. "मी नाही का सोडली एकदा, तुमच्या डिंपलच्या लग्नात?"

सगळ्यांनी वीरेंद्रकडे पाहिलं.

"सोडली!" वीरेंद्र ओरडला. "घर सोडलं, झाडं सोडली, विहीर सोडली. पाह्यजे तर सगळाच बगिचा..."

"चूप बस," केशवराव खेकसले. "एवढ्या लवकर कबूल होत असते का? धंदा कसा करशील तू?"

कितीतरी दिवसांनी बाप पोरावर खेकसला, आणि वीरेंद्रला इतकं बरं वाटलं, की त्याचे डोळे भरून आले.

सौंसरला वकीलबाईंनी कागद पुन्हा केला. राहतं घर आणि विहिरीजवळचा तुकडा, पाच झाडांसकट, देवकाबाईंच्या नावानं. बाकी वावर वीरेंद्रच्या नावानं. त्यानं आणि उर्वशीनं दोघांना शेवटपर्यंत सांभाळायचं, नाहीतर दिलेलं परत.

"म्हणजे अट लिहू ना, काका?" भाग्यश्रीनं विचारलं.

"अट नाही," केशवराव म्हणाले. "घरची झाडं."

"काहीही म्हणा, लिहायचं तेच आहे," म्हणत तिनं हसून टाईप केलं. आणि मग पुन्हा देवकाबाईंकडे वळली. "काकू, तुमचं काय म्हणणं?"

या वेळी केशवराव गप्प बसले. देवकाबाईंनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, "माह्यं नाव पूर्ण लिहा. वीरूची माय नोका लिहू."

नव्या कागदांसाठी तारीखही नवी घ्यावी लागली, पण एकदाची रजिस्ट्री झाली. रजिस्ट्रीच्या साहेबांनी केशवरावांना विचारलं, "किसी का दबाव तो नहीं?" केशवरावांनी बायकोकडे पाहिलं, जरा थांबले आणि "नहीं साहब" म्हणाले.

घरी आल्यावर केशवराव खुशीत होते. पाहुणेपण संपलं होतं. चपला ओट्यावर भिरकावून ते सरळ आत निघाले. स्वयंपाकघरात पोहोचलेल्या देवकाबाईंनी तिथूनच आवाज दिला, "अवो! घर कोणाचं आहे?"

केशवरावांचा पाय उंबऱ्यावरच थांबला. उर्वशीनं पदर तोंडाला लावला. वीरेंद्र भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. केशवराव मागं सरकले, चपला सरळ ठेवल्या, टोपी काढून हातात घेतली. नेम तो नेम.

"देवकाबाई," ते म्हणाले, "येऊ का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसानं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि त्यांना कधी काही विचारलंही नव्हतं. देवकाबाईंच्या ओठांवर "या न जी" आलं होतं, पण एवढ्या लवकर कबूल होतात का! मग त्या बाहेर आल्या. विहिरीजवळच्या झाडाची पहिली टोपली कोपऱ्यात भरून ठेवली होती, जामसांवलीला जायची म्हणून.

"आणि या टोपल्या..." केशवराव दारातूनच म्हणाले, "यंदा कोणाकोणाले पाठवू? तूच सांग."

देवकाबाईंनी टोपलीत हात घातला. वरचा, मोठा, न डागलेला संत्रा निवडून घेतला. उंबऱ्यावर, नवऱ्याच्या समोर, पाय पसरून बसल्या आणि सावकाश सोलू लागल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "पयले मी खाऊन पाह्यते, आपला संत्रा लागते कसा."